रान तिथंच, हद्द मात्र शहराची

ही गोष्ट एका विहिरीची आहे. म्हटलं तर एका माणसाची, म्हटलं तर तालुक्याच्या गावात ज्याचं ज्याचं रान आहे त्या प्रत्येकाची.

पाच-सहा वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एक तात्या माझ्याकडं आले. सव्वातीन एकर रान. खरिपाला सोयाबीन आणि तूर, पाऊस बरा झाला तर मागं हरभरा. धाकट्या पोराला भाजीपाला करायची हौस, पण पाणी नाही. रोजगार हमीतून सिंचन विहीर मिळते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पिशवीतून त्यांनी सगळे कागद काढले. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं जॉबकार्ड.

मी कागद चाळले आणि म्हणालो, "तात्या, हे कार्ड आता चालत नाही. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलंय."

तात्या माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गाव गेलं असंल साहेब. माझं रान कुठं गेलंय? ते हितंच हाय की."

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांच्या रानाच्या पलीकडं शिवेचा बांध आहे. बांधापलीकडचं शिवार शेजारच्या गावचं, तिथं आजही ग्रामपंचायत आहे. पलीकडच्या शेतकऱ्याला त्याच वर्षी विहीर मंजूर झाली. माती एक, पाऊस एक, पीक एक, भाव एक. मध्ये फक्त एक बांध. बांधाच्या अलीकडं शहर आणि पलीकडं खेडं!

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. आपलं राज्य जिल्ह्यांत, तालुक्यांत, शहरांत आणि गावांत कसं वाटलेलं आहे, हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण ती वाटणी आपल्या बांधापर्यंत येऊन पोचते. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

तीन उतरंडी

एकाच गावावर तीन उतरंडी रचलेल्या आहेत, हे आधी ध्यानात घ्या.

पहिली महसुलाची. राज्याचे ६ महसूल विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके. तालुक्याखाली मंडळ, मंडळाखाली सजा आणि सजेत गावं. ही सगळ्यांत जुनी उतरंड. जमीन, सातबारा, फेरफार, पंचनामा ही कामं हिच्याकडं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे.

दुसरी पंचायत राज्याची. ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती आणि तिच्यावर जिल्हा परिषद. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा १९६१ चा, तो १ मे १९६२ पासून अमलात आला. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि ३५१ पंचायत समित्या.

तिसरी नागरी. नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका. पहिल्या दोन्हींचा कायदा १९६५ चा. नगरपरिषदेत अ, ब, क असे तीन वर्ग. लाखाच्या वर लोकसंख्या असेल तर अ, चाळीस हजार ते एक लाख असेल तर ब, त्याखाली क. हिला मी उतरंड म्हणालो खरं, पण ही मडकी एकावर एक नाहीत, शेजारी-शेजारी मांडलेली आहेत. नगरपंचायतीच्या वर नगरपरिषद नाही आणि जिल्हा परिषदेशी तर तिचा संबंधच नाही. ग्रामपंचायतीला वर दोन घरं आहेत. नगरपंचायत एकटी उभी असते. तिचं जे काही असेल ते जिल्हाधिकारी आणि मुंबईतलं नगरविकास खातं.

आमच्या कृषी खात्याचं आणखी वेगळंच. राज्याचं कृषी खातं तालुका आणि मंडळाच्या वाटेनं गावात येतं. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग पंचायत समितीच्या वाटेनं येतो. म्हणजे 'कृषी' अशी पाटी असलेली दोन दारं. कुठली योजना कुठल्या दारात, हे कळायलाच शेतकऱ्याचे दोन हेलपाटे होतात.

या रेघा काही देवानं आखून दिलेल्या नाहीत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते. आपला मराठवाडा पाच जिल्ह्यांचा होता, आता आठांचा आहे. १९८१ ला जालना, १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर आणि १९९९ ला परभणीतून हिंगोली निघाला. लातूर वेगळा झाला तेव्हा कोणाचं शेत हललं नाही, पण कचेरी जवळ आली. त्यात लोकांची सोय होती. रेघ माणसाच्या सोयीसाठी बदलायची असते, हे त्यातून दिसतं.

गावाचं शहर कसं झालं

घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती १९९२ ला झाली आणि १९९३ पासून ती अमलात आली. ७३ वी गावांसाठी, ७४ वी शहरांसाठी. शहरांच्या दुरुस्तीत तीन प्रकार सांगितले. मोठं नागरी क्षेत्र, लहान नागरी क्षेत्र आणि गावाकडून शहराकडं संक्रमणात असलेलं क्षेत्र. ह्या तिसऱ्या प्रकाराला नगरपंचायत. म्हणजे अर्धं गाव, अर्धं शहर.

२०१४ साली राज्य सरकारनं ठरवलं, की तालुक्याच्या ठिकाणी अजून ग्रामपंचायत आहे तिथं नगरपंचायत करायची. त्यानंतर आमच्या लातूर जिल्ह्यात चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ या गावांना नगरपंचायती आल्या. शेजारी धाराशिव जिल्ह्यात लोहारा आणि वाशी, बीडमध्ये आष्टी, पाटोदा, वडवणी. राज्यभर हेच झालं.

निर्णयामागं कारण होतं, ते मी नाकारत नाही. तालुक्याच्या गावाला तहसील, कोर्ट, स्टँड, दवाखाना, कॉलेज, आठवडी बाजार. रोज बाहेरून हजारो माणसं येणार. त्यांचा कचरा, त्यांचं पाणी, त्यांची वाहनं. हे ओझं ग्रामपंचायतीच्या तिजोरीला झेपणारं नव्हतं. नगरपंचायत आल्यावर मुख्याधिकारी आला, नगरविकासाचा पैसा आला, रस्ते-गटारं-दिवे आले. घरकुलातसुद्धा फरक पडला. ग्रामीण आवास योजनेत सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार रुपये मिळायचे, तिथं शहरी योजनेत केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख. स्टँडजवळच्या दुकानदाराला विचाराल तर तो म्हणेल, झालं ते बरंच झालं. त्याचं खोटं नाही.

पण गाव म्हणजे नुसतं गावठाण नव्हे. गाव म्हणजे गावठाण अधिक शिवार. ग्रामपंचायतीची हद्द महसुली गावाची, म्हणजे शेवटच्या गट नंबरापर्यंतची. नगरपंचायत झाली ती बहुतेक ठिकाणी पूर्ण हद्दीची झाली. वाड्या, वस्त्या, तांडे आणि सगळं रान एका अधिसूचनेनं 'नागरी' झालं. सोयाबीनच्या काकऱ्या नागरी. गोठा नागरी. शेतात राहणारी बिनदिव्याची वस्तीसुद्धा नागरी.

काय गेलं?

आता हिशेब मांडू.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडं द्यायच्या २९ विषयांची यादी आहे. त्यात पहिल्या नंबरावर काय आहे? 'कृषी, कृषी विस्तारासह.' म्हणजे माझं काम घटनेनं पहिल्या ओळीत लिहिलंय, याचा मला अभिमान आहे. पुढं जमीन सुधारणा, लहान पाटबंधारे, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय. आता बारावी अनुसूची उघडा. नगरपालिकांकडं द्यायचे १८ विषय. त्यात शेती नाही. पाटबंधारे नाही. पशुसंवर्धन नाही. जनावरांचा उल्लेख येतो तो तीन बाबतींत: कोंडवाडे, जनावरांशी क्रूरपणा होऊ न देणं आणि कत्तलखान्यांचं नियमन. गावाचं शहर झालं की तुमच्या बैलाला घटनेत एवढीच जागा उरते!

दुसरं, रोजगार हमी. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात 'ग्रामीण क्षेत्रा'ची व्याख्या सरळ होती. नागरी संस्था आणि कटक मंडळाचं क्षेत्र सोडून बाकीचं ते ग्रामीण. नगरपंचायत ही नागरी संस्था. म्हणून तिच्या हद्दीतल्या मजुराचं जॉबकार्ड गेलं आणि त्यासोबत विहीर, शेततळं, फळबाग, गोठा ही वैयक्तिक कामंही गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्याही नावात 'ग्रामीण' आहेच. गंमत अशी, की आपल्या महाराष्ट्राची जी मूळ रोजगार हमी होती, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली आणि १९७७ च्या कायद्यानं पक्की झालेली, तिच्यात ग्रामीण भागासोबत 'क' वर्ग नगरपालिकांचं क्षेत्रही धरलेलं होतं. लहान शहरात शेतमजूर असतो, हे आपल्या आधीच्या लोकांना ठाऊक होतं.

तिसरं, जिल्हा परिषदेच्या शेती योजना. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना विहीर, मोटार, ठिबक देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ ला आली. तिच्या अटींत शेतजमीन नगरपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका क्षेत्राबाहेरची असावी असं लिहिलेलं होतं. म्हणजे ज्याच्याकडं एक-दीड एकर कोरडवाहू आहे, ज्याला योजनेची सगळ्यांत जास्त गरज, तोच हद्दीवरून बाद.

चौथं, भूसंपादन. २०१३ च्या कायद्यात मोबदल्यासाठी बाजारभावाला गुणांक लावतात. शहरी भागात गुणांक १. ग्रामीण भागात १ ते २ यांच्या दरम्यान राज्य ठरवील तो. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. समजा, जमिनीची किंमत २० लाख धरली. गुणांक २ लागला तर ४० लाख आणि तेवढाच दिलासा, मिळून ८० लाख. शहरी हद्दीत मात्र २० आणि २० मिळून ४० लाख. गुणांक प्रकल्पाप्रमाणं बदलतो, सरसकट २ मिळेल असं समजू नका. पण शहरी हद्दीत तो एकाच्या वर जातच नाही, हे पक्कं.

पाचवं, आयकर. खेड्यातली शेतजमीन विकली तर तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दहा हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीतली जमीन मात्र ह्या सवलतीत बसत नाही. आणि ऐका, हद्दीबाहेरसुद्धा सरळ रेषेत दोन किलोमीटरपर्यंत हाच नियम. म्हणजे शेजारच्या गावानं 'आपलं काय जातंय' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला एकर-अर्धा एकर विकणाऱ्या माणसाला हे व्यवहार झाल्यावर कळतं.

सहावं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं, बोलायची जागा. ग्रामपंचायतीत वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथं तुम्ही उभं राहून 'विहिरींची यादी वाचा' म्हणू शकता. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. शहरांसाठी घटनेनं वॉर्ड समिती सांगितली, पण ती तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहराला. आपलं तालुक्याचं गाव त्यात कुठं बसतं? वर, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचं मतदानही गेलं. राहिले सतरा नगरसेवक. प्रभाग लोकसंख्येवर पडतात. लोकसंख्या गावठाणात दाट आणि रानात विरळ. त्यामुळं वस्तीवरच्या माणसाचं मत गावातल्या मतांत मुरून जातं. नगरसेवक वाईट असतो असं नाही, पण त्याच्या दारात सकाळी गटारीची तक्रार येते, पाणंद रस्त्याची येत नाही.

एका बाजूला ग्रामीण योजना म्हणते तुम्ही आमचे नाही, दुसऱ्या बाजूला शहरी योजनेत शेती हा शब्दच नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

मग नगरपंचायत नको का?

असं मी म्हणत नाही. काही भागांत लोकांनी मोर्चे काढून ग्रामपंचायत परत मागितली. ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ ला महापालिकेत घेतली, २००२ ला वगळली आणि २०१५ ला परत घेतली. पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ ला महापालिकेत गेली, नंतर बाहेर काढून २०२४ ला त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे हद्द मागं-पुढं होऊ शकते. पण दर पाच-दहा वर्षांनी गाव आत-बाहेर करत बसलो, तर लोकांची कागदपत्रंच बदलत राहतील, काम होणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. हद्द ही वस्तीच्या कारभारासाठी असते. दिवे, पाणी, रस्ते, कचरा यांच्यासाठी ती आखा. शेतीची ओळख मात्र हद्दीवरून करू नका, सातबाऱ्यावरून करा. सातबाऱ्यावर पीक आहे, ई-पीक पाहणीत नोंद आहे, माणूस प्रत्यक्ष कसतो आहे, तर तो शेतकरी. मग त्याचं रान ग्रामपंचायतीत असो, नाहीतर नगरपंचायतीत.

हे होऊ शकतं का? होतंच आहे. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये बघा. त्या योजनेत शहरी आणि ग्रामीण शेतजमीन असा भेद केलेला नाही. शहरी हद्दीतली जमीन प्रत्यक्ष कसली जात असेल तर पैसे मिळतात. पीक विम्याचं बघा. त्याचं क्षेत्र महसूल मंडळावर ठरतं. मंडळात नगरपंचायत आहे की ग्रामपंचायत, हे तिथं कोणी विचारत नाही. अतिवृष्टीचा पंचनामासुद्धा महसुलाच्या वाटेनं होतो, म्हणून नगरपंचायतीतल्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळते. जिथं योजना सातबाऱ्याला बांधली तिथं अडचण आली नाही. जिथं ती ग्रामपंचायतीच्या शिक्क्याला बांधली तिथंच शेतकरी अडला.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं.

पहिली, राज्याच्या हातातल्या ज्या ज्या शेती योजनांत 'नागरी क्षेत्राबाहेरील' अशी अट आहे, ती निदान नगरपंचायती आणि 'क' वर्ग नगरपरिषदांपुरती काढून टाकावी. घटनेनंच ज्याला 'संक्रमणातलं क्षेत्र' म्हटलं, त्याला योजनेनं एकदम मुंबई-पुण्याच्या रांगेत बसवू नये. केंद्राच्या योजनेत बदल राज्याच्या हातात नाही, पण आपलं १९७७ चं धोरण दाखवून केंद्राकडं आग्रह तरी धरता येतो.

दुसरी, नवी नगरपंचायत करताना सगळं महसुली गाव डोळे झाकून आत घेऊ नये. गावठाण आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जिकडं वस्ती सरकणार आहे तेवढे गट घ्यावेत. तीन-चार किलोमीटरवरचं शिवार आणि तिथल्या वाड्या शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडाव्यात किंवा त्यांची वेगळी ग्रामपंचायत करावी. सगळंच शिवार बाहेर ठेवा असंही नाही, गावाला वाढायला जागा लागते. पण वाढायला लागते ती जागा वेगळी आणि नकाशावर सरळ दिसते म्हणून मारलेली रेघ वेगळी.

तिसरी, ज्या नगरपंचायतीत शेती आहे तिथं शेतीचं एक टेबल असावं. पाणंद रस्ते, बांधबंदिस्ती, गुरांचा दवाखाना, आठवडी बाजारातली भाजीची जागा हे विषय घेऊन बसणारी नगरसेवकांची आणि शेतकऱ्यांची समिती असावी. तिच्या बैठकीला तालुका कृषी कार्यालयाचा माणूस बोलवा. आम्ही येऊ. गाव नगरपंचायतीत गेलं म्हणून कृषी खात्याची माणसं कुठं गेलेली नाहीत. बीजप्रक्रिया, उगवणशक्तीची चाचणी, हुमणीचा बंदोबस्त ही कामं आम्ही हद्द न विचारताच करतो.

तुम्ही काय करायचं?

सरकारनं काय करावं हे लिहिणं सोपं. आपल्या हातात काय आहे तेही बघू.

तुमच्या गावाची नगरपंचायत होणार अशी चर्चा असेल, तर आधी अधिसूचनेची उद्घोषणा निघते आणि तिच्यावर हरकती मागवतात. मुदत त्याच कागदात छापलेली असते. ती चुकवू नका. चावडीवर किंवा तहसिलात कागद लागलेला असतो, पण वाचायला कोणी जात नाही, हे आपलं दुखणं. हरकत देताना 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका. गट नंबर लिहा, गावठाणापासूनचं अंतर लिहा, तिथं किती घरं, किती रान, काय पीक ते लिहा. जमलं तर ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. ग्रामसभा हातात आहे तोवर तिचा उपयोग करून घ्या, नंतर ती नसते.

तुम्ही आधीच नगरपंचायतीत असाल, तर विकास आराखड्यावर नजर ठेवा. आराखड्यात तुमचा गट शेती विभागात आहे, निवासी विभागात आहे, की त्याच्यावर बागेचं नाहीतर रस्त्याचं आरक्षण पडलंय, हे नकाशात दिसतं. त्यावरही सूचना-हरकतींची मुदत असते. ई-पीक पाहणी दरवर्षी न चुकता करा. उद्या 'प्रत्यक्ष कसतो' हे सिद्ध करायला तीच कामी येईल. जमीन विकायची असेल तर इसार घेण्याआधी कराचं विचारून घ्या.

आणि नगरसेवकाला एक गोष्ट आठवण करून द्या. जिल्हा नियोजन समिती नावाची एक समिती आहे. जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून जातात. गाव आणि शहर कायद्यानं एका टेबलाशी बसतात ती जिल्ह्यातली हीच जागा. नगरपंचायतीतल्या शेतीचा विषय तिथं निघाला पाहिजे. आजवर तिथं शहराचा माणूस शहराचं बोलतो आणि झेडपीचा माणूस गावाचं. मधल्या माणसाचं कोणी बोलत नाही, कारण तो कोणाचा मतदार हेच पक्कं नाही.

२०११ नंतरची जनगणना आता २०२७ ची होते आहे. नवे आकडे आले की दहा हजारांच्या वर गेलेली कितीतरी मोठी गावं पुढं येतील आणि त्यांच्या नगरपंचायतीची मागणी सुरू होईल. रस्ते हवेत, पाणी हवं, मागणी योग्यच आहे. पण मागणी करतानाच शिवाराचं काय, हे विचारून ठेवा. गावातली पुढारी मंडळी नगराध्यक्षपदाकडं बघत असतात. रानाकडं आपण बघायचं.

तात्यांचं पुढं काय झालं ते सांगतो. दोन वर्षं त्यांनी वाट बघितली. मग एक म्हैस विकली, बाकीचे पैसे सोसायटी आणि पाहुण्यांकडून उचलले आणि विहीर खणली. पाणी लागलं. पोरानं टोमॅटो लावले, मिरची लावली. माल तालुक्याच्याच बाजारात येतो. कर्ज अजून फिटतंय. पलीकडच्या बांधावरच्या शेतकऱ्याची विहीर तशीच, तेवढ्याच पाण्याची, पण तिच्यावर कर्ज नाही.

परवा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी पिशवीत चार वांगी टाकली आणि हसून म्हणाले, "घ्या साहेब, शहरातली हायेत." मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर गावातल्या शेतकऱ्यांची बैठक ठेवली आहे. नगरसेवकालाही बोलावलंय. तुमच्याही गावात अशी एक बैठक घ्या. बैठकीला येताना सातबारा सोबत आणा.